अकरावा फर्मा

बाइंडिंगच्या कारखान्यात त्याला सगळे रेघोबा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं एक बरंसं नाव हजेरीपटावर सुखरूप होतं, पण ते तिथेच राहिलं. कटिंग मशीनपाशी उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला खऱ्या नावाची फारशी गरज पडत नाही. त्याने कापलेल्या गठ्ठ्यावर पट्टी ठेवून बघावी, केसाइतका फरक निघायचा नाही. बोलणंही तसंच. "कसं काय रेघोबा?" "बरं." "जेवलास?" "हो." ह्याच्यापुढे संभाषण न्यायचं असेल तर समोरच्याने स्वतःच्या खर्चाने न्यायचं.

बायकोही त्याच कारखान्यात, भिंतीच्या पलीकडे. ती मात्र बोलायची. आणि गंमत अशी की कारखान्यात तिचं कामच ते होतं.

पलीकडचं काम असं चालायचं. समोरच्या छापखान्यातून छापलेले मोठाले कागद येत, एकेका कागदावर सोळा पानं. लांब टेबलाशी बसलेल्या बायका हाडाच्या पट्टीने दाबून त्याच्या घड्या घालत. घडी पडली की झाला फर्मा. मग ते फर्मे एकावर एक जुळवायचे, पाठीकडून शिवायचे, खळ लावायची, पलीकडे रेघोबाकडे कापायला पाठवायचे, आणि पुठ्ठा चढला की पुस्तक. घड्या घालायला हात लागतात, डोळे थोडेफार लागतात, डोकं मात्र रिकामंच राहतं. आणि रिकाम्या डोक्यात काय येतं ते संसार केलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून ह्या टेबलाने एक रीत पाडून घेतली होती. एकीने खुर्चीत बसायचं आणि हाताखालून जे पुस्तक चाललंय तेच मोठ्याने वाचायचं. तिच्या वाटणीचा गठ्ठा खुर्चीसमोर ठेवलेला असायचा. येता-जाता बाकीच्या त्यातून एकेक मूठ उचलत आणि आपल्यात घालून संपवत. कुणी कुणाला सांगायचं नाही, कुणी मोजायचं नाही. मालकाला घड्या मिळाल्याशी कारण.

त्या खुर्चीत बसायची ती रेघोबाची बायको. तिला सगळ्या वाचनताई म्हणत.

छापखाना फर्मे काही क्रमाने पाठवत नसे. जो कागद सुकला तो गाडीवर चढला. त्यामुळे टेबलावर पुस्तकं वाचली जात ती छापखान्याच्या लहरीप्रमाणे. एकदा एका कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या मरणावर सगळ्या टेबलाने डोळे पुसले, आणि पुढच्या आठवड्यात पहिला फर्मा आला तर तोच म्हातारा चड्डी सावरत ओढ्यात मासे पकडतोय! तेव्हा खळ लावणारी म्हणाली होती, "आपल्याकडे मेलेली माणसं परत येतात हो. फक्त छापखान्याची गाडी वेळेवर यायला पाहिजे."

रेघोबाने ह्यातलं काही ऐकलेलं नव्हतं. मधे भिंत होती आणि मशीनचा धाडधाड आवाज होता. कधी मशीन थांबलं तर पलीकडून एकदम हसण्याचा लोट यायचा, नाहीतर एकदम शांतता, म्हणजे कुणीतरी मरत असणार. एवढंच त्याला कळायचं. घरी ती वाचत नसे, घसा दुखायचा. तोही कधी म्हणाला नाही की वाच. एकदा मोठीबाईने, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या बाईने, त्याला छेडलं होतं, "काय रे, घरी तुला वाचून दाखवते की नाही बायको?" तर म्हणाला, "मी घरी कागद कापतो का?" आणि ह्या उत्तरात काही विनोद आहे हे त्याला त्या हसल्यावरच समजलं.

ती गेली ती सुट्टीच्या दिवशी, दुपारी. कपडे वाळत घालून आत आली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "जरा पाणी देता?" तो पाणी घेऊन आला तोवर ती नव्हती. म्हणजे होती, पण नव्हती. तो पेला धरून उभा राहिला. मग, का कोण जाणे, ते पाणी त्याने स्वतःच पिऊन टाकलं. पेला धुतला, पालथा घातला, आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे असंच त्याला वाटत होतं.

थोरली बहीण येऊन राहिली. तिने घर झाडलं, डबे घासले आणि रोज त्याच्यासमोर बसून रडली.

"तूही रड की रे एकदा. आत साचतं अशानं."

"साचू दे."

"दगड आहेस मेल्या."

"असेन."

बहीण दोघांच्या वाटणीचं रडून आपल्या घरी गेली. तिच्याबद्दल त्याला बरं वाटलं, म्हणजे वाटायला पाहिजे असं वाटलं. अंगाखाली हात दाबला जाऊन बधिर होतो, तसं सगळं झालं होतं. हात दिसतो, आपलाच आहे हे कळतं, पण उचलायचा तर दुसऱ्या हाताने उचलावा लागतो. हाताला निदान थोड्या वेळाने मुंग्या तरी येतात. रेघोबाने काही दिवस मुंग्यांची वाट पाहिली. मग ती पाहायचंही सोडून दिलं.

कामावर तो लगेच आला. कापलेले गठ्ठे पहिल्यासारखेच सरळ. मालक म्हणाला, "माणूस सावरला." भिंतीपलीकडे मात्र टेबल गप्प होतं. वाचनताईची खुर्ची तशीच ठेवली होती, आणि खुळेपणा असा की तिच्यासमोर तिच्या वाटणीचा गठ्ठाही रोज ठेवला जाई. वाचत कुणी नसे, पण येता-जाता सगळ्या त्यातून मूठ उचलत आणि तो संपवत.

तिच्या हातून अर्धी राहिलेली कादंबरी कामगारांची होती. एक बाई रंगाच्या कारखान्यात सूत बुडवते, तिचा नवरा भट्टीवर कोळसा मारतो. एक खोली, एक खिडकी. पहिले फर्मे आले तेव्हाच खळवाली कुरकुरली होती, "आपल्यासारख्यांचंच काय वाचायचं बाई! राजाराणीचं येऊ दे की एखादं."

"राजाराणीच्या पुस्तकाला सोनेरी कड असते," मोठीबाई म्हणाली, "मरमर मरावं लागतं. हे बरंय. साधा पुठ्ठा, साधी माणसं."

पण चारपाच फर्मे झाले आणि टेबलात दोन तट पडले, ते त्या भट्टीवाल्यावरून. माणूस कामाचा, पण घुम्या. घरी यायचं, हात धुवायचे, जेवायचं, भिंतीकडे बघायचं.

"पीत नाही, मारत नाही. मग हिची तक्रार काय आहे म्हणते मी!"

"बोलत नाही ना."

"त्यापेक्षा पिणारा बरा. निदान पिऊन बोलतो तरी."

"तुझ्याकडे पाठवते माझा. ठेवून घे चार दिवस."

दहाव्या फर्म्याच्या शेवटी दोघांत अबोला होता. भांडण नाही, काही नाही, नुसता अबोला. भट्टीवाला पिशवी उचलतो, दाराशी जातो, कडीवर हात ठेवतो. तिथे सोळावं पान संपलं. आणि अकरावा फर्मा काही येईना. छापखान्यात त्याच्यावर शाई उतरली होती, सगळा गठ्ठा वाया, परत छापायचा. त्याआधी आला बारावा. त्यात ती बाई कोपरापर्यंत निळे हात घेऊन रंगाच्या हौदाशी उभी, कुणाच्यातरी बोलण्यावर हसतेयसुद्धा, आणि नवऱ्याचं नाव नाही. टेबलावर हाहाकार झाला. गेला की राहिला? मेला की काय? तेव्हा वाचनताई म्हणाली होती, "गप्प बसा. अकराव्याचं प्रूफ मी छापखान्यात टांगलेलं पाहिलंय. वाचलंय सगळं. सांगते." आणि तिने तोंडी सांगितलं. ऐकून टेबलाचं समाधान झालं. पुढची सुट्टी आली ती तिची शेवटची.

आता, इतक्या आठवड्यांनी, अकरावा आला.

मोठीबाई भिंतीच्या अलीकडे आली. रेघोबाने मशीन थांबवलं.

"अकरावा आला."

"बरं."

"आज घड्या होतील. वाचायला पाहिजे."

"वाचा."

"कुणी त्या खुर्चीत बसायला तयार नाही. एक म्हणते तू बस, दुसरी म्हणते तू बस. मी बसले असते, पण माझी आणि अक्षरांची लहानपणीच ताटातूट झाली. तू वाच."

"मला येत नाही."

"शाळेत गेला होतास ना?"

"वाचायला येतं. वाचून दाखवायला येत नाही."

"त्यात काय दाखवायचंय! तुझी बायको अर्ध्यात सोडून गेली, तेवढं पुरं कर. ऐकलेलंच आहे आम्ही, तरी तिचं पुरं झालं पाहिजे." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "की तिच्या खुर्चीत बसवत नाही तुला?"

"बसवेल की."

खरंच बसवलं असतं. खुर्ची ती खुर्ची. मोठीबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं, म्हणून तो हो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत त्याने एक फर्मा घेतला. घडी घातलेल्या फर्म्याची पानं कडांना जोडलेली असतात, कापल्याशिवाय उघडत नाहीत. त्याने तो एकटाच फर्मा पात्याखाली धरून तीन बाजूंनी कापला आणि डबा खाताखाता वाचून काढला. बायकांसमोर अडखळायला नको, एवढाच हेतू.

छापलेलं होतं ते सरळ होतं. भट्टीवाला कडी काढतो, मागे न बघता रस्त्याला लागतो. दुसऱ्या शहरात दुसरी भट्टी धरतो. बाई काही दिवस त्याचं ताट वाढून झाकून ठेवते, मग ठेवत नाही. सोळा पानं. रेघोबाने डब्याचं झाकण लावलं. गेला तर गेला, असं त्याला वाटलं. कापायच्या गठ्ठ्यावरचं माप वाचावं तसं त्याने ते वाचलं होतं.

शिलाईवाली चहा घेऊन आली. टेबलावरच्या बायकांत ही त्यातल्या त्यात तरुण, जिभेने तिखट, आणि वाचायला येणाऱ्या दोघीतिघींपैकी एक.

"काय दादा, तयारी चाललीय? परीक्षेला बसल्यासारखे बसलात."

"तो जातो."

"कोण?"

"भट्टीवाला. निघून जातो."

"छे! काहीतरीच," ती हसली. "परत येतो. ताईंनी सांगितलंय ना आम्हाला. दारातनं बाहेर जातो, थोड्या वेळानं परत येतो आणि म्हणतो, चष्मा विसरलो."

रेघोबाने कप खाली ठेवला.

"भट्टीवाल्याला चष्मा?" तो म्हणाला.

"अहो तेच म्हटलं आम्ही! भट्टीसमोर चष्मा घालून कोण कोळसा मारतं? काच तडकेल. तर ताई म्हणाल्या, पुस्तकात तसं आहे, मी काय करू? आणि पुढची गंमत ऐका ना. चष्मा त्याच्या नाकावरच असतो!"

"नाकावर."

"हो! आणि ती बघते की. पण बोलत नाही. पिशवी दिसते तिला, नाकावरचा चष्मा दिसतो, सगळं दिसतं. म्हणते, थांबा, शोधू. आणि दोघं मिळून घरभर चष्मा शोधतात. गादीखाली, फळीवर, भांड्यांच्या मागे. हसून हसून पोटं दुखली आमची. मग हा बाबा हळूच नाकावरचा काढतो, खिडकीत ठेवतो, आणि ओरडतो, सापडला! ती म्हणते, बरं झालं. चहा टाकते." शिलाईवाली हसताहसता थांबली. "मोठीबाईंनी विचारलं, ती सरळ का नाही बोलली त्याला? तर ताई म्हणाल्या, दारातनं परत आलेल्या माणसाला शोधायला काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर तो उभाच राहतो."

रेघोबा काही बोलला नाही. तो बोलत नाही ह्यात नवीन काही नसल्यामुळे तिच्या ते लक्षात आलं नाही. तिचं लक्ष कापलेल्या फर्म्याकडे गेलं. तिने उचलला, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्यात तर..."

"हं."

"म्हणजे ताईंनी आपल्या मनानंच?"

"हं."

"देवा! आणि मोठीबाई सगळीकडे सांगत असतात, ताईनं सांगितलं म्हणजे छापलं. कितीतरी पुस्तकांतलं असं मधलं मधलं ऐकलंय आम्ही त्यांच्याकडून. हे कळलं तर सगळ्याच पुस्तकांवरचा विश्वास उडायचा एकेकीचा." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मग आता काय वाचणार तुम्ही?"

"आहे ते."

"रेघोबा म्हणतात ते खोटं नाही तुम्हाला," ती म्हणाली, आणि ह्या खेपेला त्या नावात लाड नव्हता.

ती गेल्यावर रेघोबाने चष्मा काढला, त्याच्यावर कागदाची धूळ बसली होती, पुसला आणि परत लावला.

खूप वर्षं झाली त्या गोष्टीला. भांडण नव्हतंच. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. मूल झालं नव्हतं, आणि आता होणार नाही हे दोघांनाही वेगवेगळं कळलं होतं. खोलीत नुसता भांड्यांचा आवाज. एका सुट्टीच्या दुपारी ती अंथरुणं उन्हात टाकत होती. त्याने पिशवीत दोन शर्ट घातले आणि म्हणाला, "जरा जाऊन येतो." ती म्हणाली, "बरं." मग तो परत आला. तोंडाला जे आलं ते बोलला. शोधायला लागल्यावर हात चेहऱ्याकडे गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तिची पाठ होती. निदान त्याला तसं वाटलं होतं. तो चष्मा त्याने कसा काढला, आवाज न करता खिडकीत कसा ठेवला, हे त्याने आयुष्यात केलेलं एकमेव चलाखीचं काम होतं आणि त्याबद्दल मनातल्या मनात तो थोडा खूशही होता. तिला कळलं नाही. ह्या एका गोष्टीवर त्याने पुढचा सगळा संसार केला होता. तिला कळलं नाही म्हणजे तो गेलाच नव्हता.

तिला कळलं होतं. आणि तिने ते घरी नाही, टेबलावर सांगितलं होतं. सगळ्या जणी पोट धरून हसल्या होत्या. त्याने आठवून पाहिलं, मशीन थांबलेलं असताना ते हसणं भिंतीतून आलं असेल का. आलं असेलही. त्याला फरक करता आला नसता.

आता काहीतरी व्हायला पाहिजे, असं त्याला वाटलं. तो थांबला. काही झालं नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली.

खुर्चीला तिची एक उशी होती. त्याने ती काढली नाही, तिच्यावरच बसला. समोर तिच्या वाटणीचा गठ्ठा. बायकांनी पट्ट्या हातात घेतल्या. शिलाईवाली आपल्या शिवायच्या चौकटीशी, मान खाली. मोठीबाईने गठ्ठ्यातली पहिली मूठ उचलली आणि म्हणाली, "हं. कडीवर हात आहे त्याचा. तिथून."

त्याचं वाचन त्याच्या कापण्यासारखं होतं. शब्द सगळे सारख्या मापाचे.

"त्याने कडी काढली. आणि तो रस्त्याला लागला."

"जातोय मेला," खळवाली म्हणाली.

"परत येईल ग. ऐक की."

पुढची ओळ डोळ्यांसमोर होती. मागे न बघता तो चालत राहिला, अशी. रेघोबाने ती बघितली. खोटं बोलायचं म्हणजे काहीतरी रचावं लागतं, आणि रचण्याची त्याला सवय नव्हती. उशीर का झाला ह्याचं कारणसुद्धा त्याला कधी रचता आलं नव्हतं. पण ती इथे बसून जे बोलली ते दाराच्या आतलं होतं. बाहेरचं तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"स्टँडवर गेला," तो म्हणाला. नजर कागदावरच होती. "खिडकीपाशी रांग होती. रांगेत उभा राहिला."

शिलाईवालीची सुई थांबली. तिने वर पाहिलं नाही.

"पुढे एक म्हातारा होता. त्याला सुट्टे सापडत नव्हते. वेळ लागला. मग ह्याचा नंबर आला. तिकीटवाल्याच्या कानावर पेन्सिल होती. तो म्हणाला, कुठलं?"

"मग?"

"ह्याला गाव सुचेना."

टेबल ऐकत होतं. पट्ट्यांचा सरसर आवाज चालू होता.

"एकही गाव सुचेना. सगळी माहीत होती. गाड्यांची वेळापत्रकं त्यानेच कापली होती, गठ्ठेच्या गठ्ठे..."

सरसर थांबली. एकदम, सगळीकडून. रेघोबाला आपलं बोलणं आपल्या कानाने ऐकू आलं. भट्टीवाल्याने वेळापत्रकं कापली. तो कागदाकडे बघत राहिला, जणू पुढची ओळ तिथे सापडणार होती. मोठीबाई त्याच्या चष्म्याकडे बघत होती.

मग मोठीबाईने पट्टी उचलली, घडीवर ठेवली आणि दाबून ओढली. "वाच पुढे," ती म्हणाली. बाकीच्यांच्या पट्ट्या तिच्यामागून चालू झाल्या.

"तिकीटवाला परत म्हणाला, कुठलं ते बोला. मागचा माणूस म्हणाला, चला हो, व्हा पुढे. मग हा रांगेतून बाहेर आला. बाकावर बसला थोडा. आणि घरी आला. म्हणाला, चष्मा विसरलो."

"हां!" खळवाली टेबलावर हात आपटून म्हणाली. "ताईंनी सांगितलं होतं तसंच!"

"पुढचं माहीत आहे तुम्हाला," रेघोबा म्हणाला आणि फर्मा मिटला.

मग टेबल पूर्वीसारखं पेटलं. गाव सुचलं नाही म्हणून परत आला, हे काय कारण झालं? तर मग काय हवं होतं, आभाळ फाटायला पाहिजे होतं? बायकोची आठवण आली असं तरी लिहायचं. आठवण यायला आधी लांब जावं लागतं बाई, हा स्टँडपर्यंतच तर गेला होता! कुणी म्हणालं, भित्रा. कुणी म्हणालं, भित्रा असला तरी परत आला ना, शूर असता तर गेला असता. सगळ्या भट्टीवाल्याबद्दलच बोलत होत्या. एकीनेही रेघोबाकडे पाहिलं नाही, आणि टेबलाच्या मानाने ही फारच मोठी सभ्यता होती.

शेवटी खळवालीने विचारलंच, "पण पुस्तकात असंच आहे ना हो?"

"असंच आहे," रेघोबा म्हणाला.

तो उठून भिंतीच्या अलीकडे आला. थोड्या वेळाने शिलाईवाली कापायचा गठ्ठा घेऊन आली. तो तिने मशीनपाशी ठेवला.

"दादा, मला वाचता येतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"पण शिवताना मी फर्म्याची पाठच बघते. आत बघायला वेळ नसतो." आणि ती गेली.

त्या संध्याकाळपर्यंत अकरावा फर्मा जुळणीत गेला, शिवला गेला, आणि पुस्तकांबरोबर त्याच्यासमोर आला. त्याने पात्याखाली सरकवला. पुस्तकं बाहेर जातील, लोक वाचतील, त्यांच्यासाठी भट्टीवाला निघून गेलेला असेल. त्याला इलाज नव्हता. गठ्ठे सरळ निघाले. पट्टी ठेवून बघितलं तर केसाइतका फरक नव्हता. घरी जाऊन तो जेवला. बहिणीचा निरोप होता, बरा आहेस का. बरा आहे, असा त्याने उलट निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी मोठीबाई परत आली.

"बारावा वाच आज. जास्तीचा एक ठेवून घेतलाय. मागे वाचला होता, पण अकराव्याशिवाय. आता नीट लागेल."

"त्यात तो नाही," रेघोबा म्हणाला.

"कोण?"

"भट्टीवाला. बाराव्यात त्याचं नावच नाही. नुसती ती आहे."

मोठीबाईने पदरानेच मशीनवरची धूळ झटकली.

"असेल की घरातच," ती म्हणाली. "कमी बोलतो, म्हणून लिहिलं नसेल. चल, गठ्ठा ठेवलाय तुझा."